चौकोन

२००२ साली वसईजवळच्या गास गावातल्या ॲल्रॉयने चर्चची वेबसाइट बनवायला घेतली. मराठी अक्षरं दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन उमटत. म्हणून चाचणीच्या पानावर एक ओळ टाकून तो अर्नाळ्याच्या ॲनिशाला फोन करायचा, "काय दिसतं?"

"नुसते चौकोन."

मग त्याची भीड चेपली. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार वधू-वरांची नावं पुकारतात, तशी ओळ त्याने ठळक लाल अक्षरांत टाकली: "ॲल्रॉय आणि ॲनिशा यांचा विवाह ठरला आहे. कुणाची हरकत असल्यास कळवावे."

फॉन्ट बदलून तीच ओळ त्याने तीन रविवार टाकली. तिचं उत्तर एकच, "चौकोन."

चौथ्या रविवारी तिचाच फोन आला.


"तीनदा पुकारून झालं. माझी काही हरकत नाही. पप्पांना कधी भेटतोस?"