तिसरं वाक्य

नारीन शहरातल्या कॉलेजात बुरुलकानबाईंनी फळ्यावर व्हेअर, व्हेन, व्हाय असे तीन शब्द लिहिले. “प्रश्न नकोत हं मला. हे शब्द जोडून स्वतःबद्दल सलग तीन वाक्यं लिहा,” त्यांनी बजावलं.

महिन्याभरानं वर्गात आलेल्या बेगाइमनं दोनच लिहिली होती. ‘ते घर चौकात आहे, जिथे मला गाडीत कोंबून नेलं. तो सोमवार होता, जेव्हा माझा इंग्रजीचा पेपर होता.’

बाईंनी वही झटकन मिटली. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. “आणि तिसरं कुठाय? आधी महिनाभर दांड्या मारायच्या, वर अर्धवट वही दाखवायची! लग्न झालं म्हणून अक्कल गहाण टाकलीस का गं?”

बेगाइमनं डोक्याचा पांढरा रुमाल, लग्न लावताना नव्या सुनेला बांधतात तो, ओरबाडून काढला आणि टेबलावर आपटला.

“तिसरं तुम्हीच लिहा. त्या घरात तुम्हाला बघून मला वाटलं, आपल्या बाई आहेत, सुटले! आणि तुमच्या भाच्यासाठी हा रुमाल माझ्या डोक्याला तुम्हीच बांधलात.”