देवघराचं दार

पिंप्राळ्यातलं तीन मजली घर इंजिनिअर हितेंद्रने स्वतःच डिझाइन केलं होतं. तळमजल्यावरच्या शोरूमवाल्याला मधोमध कॉलम नको होता, म्हणून तो काढून त्याने वरच्या मजल्यांचा भार एका लांब बीमवर घेतला. बीम तुटणार नाही एवढं त्याने पाहिलं. तो पुढे किती वाकेल, ते पाहायचं राहूनच गेलं.

नूतनशी लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच त्या बीमवरच्या भिंतीला तिरपा तडा गेला आणि त्याच भिंतीतलं देवघराचं दार चौकटीत अडकायला लागलं.

"आजवर बठ्ठं काही बरं होतं. ही आली अन् घराला तडे गेले. पायगुणच वाईट हिचा," हितेंद्रची आई पुष्पाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली.

शेवटी नूतनने सासूसमोरच विचारलं, "अहो, तुम्ही इंजिनिअर आहात ना? मग सांगा आईंना, हे कशामुळे होतंय ते."

हितेंद्रने तड्यावरून बोट फिरवलं. कारण त्याला पाहताक्षणीच कळलं होतं.

"बांधकामात काही दोष नाही, आई," तो म्हणाला. "हिला थोडे दिवस माहेरी पाठवून बघू."

नूतन रडत फैजपूरला गेली. दुसऱ्या दिवशी आई देवळात गेल्याबरोबर हितेंद्रने सुतार बोलावला आणि दाराला वरून रंधा मारून घेतला.

आईने परत येऊन दार ओढलं, तर ते अलगद लागलं. तिने देवापुढे हातच जोडले. "पाहिलंस, हितू? आता तिला आणायचीच नाही."



"तू म्हणशील तसं," हितेंद्र म्हणाला आणि उरलेला लाकडाचा भुसा त्याने पायानेच कपाटाखाली सरकवला.