दोघींचं काम

“दुसरी बाई कुठे आहे?” लॉरेननं विचारलं.

घरी येऊन देखभाल करणारी जोसलिन पलंगाशी एकटीच उभी होती. पलंगावरच्या म्हाताऱ्या ओरेस्तला झोळीत घेऊन उचलायचं यंत्र तिनं जवळ ओढून ठेवलं होतं. हे काम दोघींचं. एकीनं यंत्र चालवायचं, दुसरीनं माणूस सांभाळायचा. तसा नियमच होता, आणि तो पाळला जातो की नाही हे बघायलाच लॉरेन आली होती. घरी जाऊन म्हाताऱ्या-आजारी माणसांचं करणाऱ्या संस्थांची तपासणी हे तिचं सरकारी काम.

“तिची गाडी अडकलीय बर्फात,” ओरेस्तची बायको स्टेफानिया दारातून म्हणाली. “नेमकी आजच. एरवी दोघी येतात. माझ्या सुना असत्या तर त्यांनीसुद्धा इतकं केलं नसतं!”

जोसलिन खाली मान घालून झोळीचा पट्टा सारखा करत राहिली.

लॉरेनला असली कौतुकं ऐकायची सवय होती. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या या गावांमधून कोणी तक्रार करत नसे. तक्रार केली तर आहे तेही बंद होईल, ही धास्ती. ओरेस्तचा उजवा भाग दोन हिवाळ्यांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात गेला, त्याबरोबर बोलणंही. घरी नीट होत नाही असं ठरलं असतं, तर त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात हलवलं असतं. ते शहर तीन तासांवर, आणि स्टेफानियाला गाडी चालवता येत नव्हती. तिच्या नणंदेचा नवरा तिथेच गेला होता. नणंदेला तो पुन्हा दिसला तो शवपेटीत.

“चला, मी धरते दुसरी बाजू,” लॉरेन म्हणाली.

पण ती वळेपर्यंत स्टेफानिया तिथे पोचली होती. न बघताच तिनं आपल्या बाजूचा पट्टा आकड्यात अडकवलासुद्धा. मग एकदम हात मागे घेतला.

“बघून बघून येतं हो,” ती हसून म्हणाली. “तुम्ही खसखशीची पोळी घेतली नाहीत. आणते.”

ओरेस्तला खुर्चीत बसवून झाल्यावर लॉरेन त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि त्याचा डावा हात हातात घेतला.

“ओरेस्त, तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते ते? हो असेल तर हात दाबा.”

त्यानं हात दाबला. पकड अजून धान्याची पोती उचलणाऱ्या माणसाची होती.

“या घरात तुम्हाला सुरक्षित वाटतं?”

“नाही,” ओरेस्त म्हणाला. स्पष्ट, मोठ्यानं.

“अगं बाई!” स्टेफानिया बशी घेऊन तशीच दारात थांबली. “त्याला तेवढाच शब्द येतो धड! सूप देऊ का विचारलं तर नाही म्हणतो, आणि मग वाटी चाटूनपुसून साफ करतो. त्याचं काय घेऊन बसलात!”

“तुम्ही जरा स्वयंपाकघरात थांबता का?”

स्टेफानियाचं हसू मावळलं. ती गेली. दार मात्र तिनं लावलं नाही.

लॉरेननं आवाज उतरवला. “ही जोसलिन तुम्हाला त्रास देते?”

“नाही.”

“ओरडते? दुखवते?”

“नाही.” त्यानं मान जोरात हलवली. जोसलिनचे डोळे भरून आले होते.

पुढचा प्रश्न लॉरेनला विचारावासा वाटत नव्हता. गोड बोलणाऱ्या, पोळ्या पुढे करणाऱ्या बायका तिनं पाहिल्या होत्या, आणि त्यांच्या नवऱ्यांच्या अंगावरचे वळही.

“मग बायकोची भीती वाटते?”

ओरेस्तनं तिच्याकडे बघितलं. आणि हात दाबला, इतका की लॉरेनची बोटं कळवळली.

स्वयंपाकघरात बशी फुटली. स्टेफानिया धावतच आत आली.

“माझी? माझी भीती वाटते तुला? छप्पन्न वर्षं झाली रे! या अंगाला कधी मुंगी चावू दिली नाही मी!”

ओरेस्तनं लॉरेनचा हात सोडला आणि बायकोचं मनगट पकडलं. ती किंचाळली. त्यानं लगेच पकड सैल केली आणि अंगठ्यानं तिची बाही हळूहळू वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा, सुजलेला होता. घरातल्याच फडक्याची पट्टी वेडीवाकडी बांधलेली.

“पडली,” तो म्हणाला. शब्द मोठ्या कष्टानं निघाला. “ही... पडली.”

“शनिवारी सकाळी कोणीच आलं नव्हतं,” जोसलिन रडत म्हणाली. “आजी एकट्याच उचलायला गेल्या. मी दुपारी आले तर त्या खाली पडलेल्या आणि हे झोळीत लटकत होते. यांना हाकसुद्धा मारता येत नव्हती. बाई, दुसरी कोणी कधी येतच नाही. मी ऑफिसात सांगितलं. ते म्हणाले, घरात बायको आहे ना, तिचा हात लावून घे.”

“गप्प बस पोरी!” स्टेफानिया ओरडली. मग ती नवऱ्यापुढे वाकली, दुखऱ्या हातानंच त्याचा चेहरा धरला. “वेड्या, काय केलंस हे? आता तुला घेऊन जातील ना ते!”

ओरेस्त जबडा आवळून शब्द शोधत राहिला.

“नेऊ दे,” तो म्हणाला.