रिकामी टेबलं

पतसंस्थेचे साहेब पाहणीला येणार म्हणून खानावळीच्या मालकाने अक्कल पाजळली: गिऱ्हाइकांना बाहेर थांबवून आठही टेबलं लख्ख पुसून ठेवली. साहेबांनी रिकाम्या खुर्च्या पाहून फाइल मिटली. “इथेच माणूस नाही, शेजारचा गाळा घ्यायला कर्ज कशाला?” स्वयंपाकघरातून मालकीण झारा घेऊनच आली. अकरा वर्षं तिने या गाळ्याची वाट पाहिली होती. “अहो, स्वच्छता दाखवताय की धंदा बुडवताय?” म्हणत तिने दार सताड उघडलं. ताटकळलेली गर्दी आत घुसली. “जेवायचं नसेल तर उठा बघू!” म्हणत एका आजींनी साहेबांचीच खुर्ची पटकावली. मालकिणीने साहेबांच्या हातात ताट दिलं. गाळ्याकडच्या भिंतीला टेकून दोन घास खाल्ल्यावर साहेब म्हणाले, “वहिनी, ही भिंत उद्याच पाडा. मी रोज उभ्याने जेवणार नाही.”