देवीने परत दिलेलं मशीन

घटस्थापनेच्या सकाळी तुषारने देवीपुढे शपथ घेतली आणि निकोटिनचा धूर ओढायचा आपला वेप गव्हाच्या कोठीत, कोपरापर्यंत हात घालून, पार तळाशी दडवला. फेकून द्यायची हिंमत काही झाली नाही. मग नवरात्रभर त्याचं डोकं ठणकत राहिलं, झोप उडाली, एकदा तर त्याने फराळाचं ताटच भिरकावलं. पण कोठीला हात लावला नाही.

दसऱ्याला अंघोळ करून तो देवघरात आला. पूजेत वडिलांचा केळी कापायचा विळा होता, आईचं शिलाई मशीन होतं, त्याची पुस्तकं होती. आणि पुस्तकांवर हळदीकुंकू लावलेला, झेंडूचं फूल वाहिलेला तोच वेप होता.

"मम्मी, हे... हे कहाँ मिला?"

"सणाचं दळण काढायला कोठी उपसली, त्यात सापडलं." आईचा चेहरा नुसता फुलला होता. "शनवारा चौकात क्लासला जाताना रोज खिशात घालायचा ना तू? तूच सांगितलं होतं, अभ्यासाचं मशीन आहे म्हणून. हे हरवल्यापासून तुझं चित्त थाऱ्यावर नाही, मला काय समजत नाही?"

खरं काय ते सांगायला त्याने तोंड उघडलं, तर तिने त्यात पेढा भरवला. मग कुंकवासकट तो वेप त्याच्या तळहातावर ठेवून तिने स्वतःच्या हाताने त्याची बोटं मिटली.

"देवीने परत दिलंय, आता नीट सांभाळ. चार्ज पण करून ठेवलंय मी."