जागं लेकरू

"निजलेलं लेकरू देवाचं, जागं लेकरू आईचं." गुआपी नदीच्या काठी दगडावर कपडे आपटता आपटता देयानिराची आई म्हणायची, आणि छोटी देयानिरा पाण्यात पाय सोडून ऐकायची. आई जाऊन कितीतरी पावसाळे लोटले. आज काली शहरातल्या या थंडगार खोलीत, स्वतःच्या लेकाच्या डोक्यावर तारांची टोपी चढताना, तो आवाज पुन्हा तिच्या कानाशी आला. तिनं मान खाली घातली.

"कोळंबीचं जाळंच की गं हे," बेर्तिल्दा मावशी टोपीकडे बघत म्हणाली. "कोळंबी कुठंय ती विचार यांना."

"आत आहे, मावशी," डॉक्टर मारिसेल हसली. "तीच शोधतोय आम्ही."

वय होऊनही बोलायला न लागलेल्या मुलांच्या मेंदूत आईचा आवाज कसा उमटतो, ते ती पाहत होती. त्यासाठीच एलकिनला किनाऱ्यावरून आधी होडीनं, मग बसनं आणलं होतं. चार वर्षांचा एलकिन गप्प बसला होता. केसांच्या मुळाशी गार जेल लागलं तरी हलला नाही.

"काल एका पोरीनं माझा चष्मा मोडला. हा बघा, किती शहाणा!" मारिसेल म्हणाली.

"शहाणा? हा?" मावशीनं तळलेल्या केळ्यांची पुडी बाजूला ठेवली. "घरी नुसती फणी लागली तरी गाव गोळा करतो मेला! शहराची हवा मानवली म्हणायची."

देयानिरा लेकाच्या तोंडाशी आणखी सरकून बसली. सकाळपासून ती तिथून उठली नव्हती. त्याच्या श्वासाला लाल सिरपचा गोडसर वास येत होता आणि तो दुसऱ्या कुणाला यायला नको होता. "काही औषध दिलंय का, झोपेचं, सर्दीचं?" असं मारिसेलनं आल्या आल्या विचारलं होतं. "नाही," देयानिरा म्हणाली होती. इतक्या सहज, की तिची तीच दचकली.

आधी खोक्यातून परक्या बाईचा आवाज आला. एलकिन, एलकिन. यंत्राच्या पडद्यावर त्याच्या मेंदूच्या रेघा आपल्या चालीनं चालत राहिल्या. मग मारिसेलनं खूण केली. देयानिरानं त्याला हाक मारली आणि घरचं गाणं धरलं.

चिंबोरीचं गाव चिखल, होडीचं गाव पाणी,
माझ्या बाळाचं गाव कुठं, सांग गं चांदणी.

गाणं सुरू झालं की एलकिन तळवा तिच्या गळ्याला लावायचा. आवाज तिथंच राहतो, असं त्याला वाटत असावं. गाता गाता तिनं सवयीनं मान पुढे केली. त्याचा हात मांडीवरच राहिला. ओहोटी सरून भरती यायच्या आधी नदी ना चढते ना उतरते, तशा रेघा मघाच्याच चालीनं चालत राहिल्या.

"काय दिसतं?" तिनं विचारलं.

"एवढ्यावरून काही ठरत नसतं, ताई."

"तरी सांगा."

मारिसेलनं पडदा तिच्याकडे वळवला. "आवाज पोचतोय. पण आई कोण आणि परकी कोण, हा फरक उमटत नाहीये. बाकीच्या मुलांत थोडा तरी दिसतो. याच्या नावापुढे तूर्त असंच लिहिलेलं राहील. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

"आईला ओळखत नाही म्हणता?" मावशी उसळली. "ही दाराआड गेली की भिंतीवर डोकं आपटतो तो! तुमचं यंत्र तपासा आधी!"

मारिसेल टोपीचे बंद सोडू लागली. एलकिनच्या कपाळावर गोल गोल वळ उठले होते. देयानिरा त्या वळांकडे बघत राहिली. गप्प राहिलं तर संध्याकाळची बस होतीच. कुणाला कळणार नव्हतं. एलकिन सांगणार नव्हता. त्याच्या तोंडी अजून एकही शब्द आला नव्हता. आईला न ओळखणारं पोर, एवढं त्याच्या नावाला लागलं असतं, आणि तेही त्यानं मुकाट्यानं घेतलं असतं. रोज बाकी सगळं घेतो तसं.

"यंत्र बरोबर आहे," ती म्हणाली. "मीच सिरप पाजलंय त्याला. सकाळी. गुंगीचं."

"काय पाजलंस?" मावशीचा हात पुडीवरच थिजला.

मारिसेलनं टोपी मांडीवर घेतली. तिचा चेहरा चिडलेला नव्हता, आणि तेच देयानिराला सोसेना.

"प्रवासात रडू नये, इथं गोंधळ घालू नये, म्हणून दिलं असणार," मारिसेल मऊपणानं म्हणाली. "घाबरतात आया. दोन दिवस राहा, औषध पूर्ण उतरू दे, पुन्हा करू. एका दिवसाचं काय एवढं!"

दार उघडं होतं. हो म्हणून निघून जाता आलं असतं. मावशीनंही सुटकेचा श्वास सोडून पुडी उचलली होती.

तेवढ्यात एलकिनचा हात हलला. जड, झोपाळू, जेलानं चिकट झालेला. रस्ता चुकत चुकत तो वर आला, आणि तळवा देयानिराच्या गळ्याला टेकला. तिथं तो वाट बघत राहिला.

"एका दिवसाचं नाही," ती म्हणाली. "रोज देते. रोज रात्री. त्याला झोप नको असते, डॉक्टरीणबाई. मला हवी असते."