नवी बॅटरी

बोळिंजची वीज भरदुपारी गेली आणि सुधाकरच्या पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं मशीन कर्कश ओरडू लागलं.

त्याची बायको विनिता हातातला चमचा टाकून धावत आली. खरं तर मशीन इन्व्हर्टरवर चालू राहायला हवं होतं. पण इन्व्हर्टर बंद होता, आणि तो तिनेच बंद केला होता. मुलगा, कौस्तुभ, कामाला गेला की ती रोज गुपचूप बटण बंद करायची, तो यायच्या आत चालू करायची. वीज गेलीच तर लगेच लावू, असं तिने मनाशी ठरवलेलं.

भीती नव्या बॅटरीची होती. जुनी पाण्याची बॅटरी लगेच मान टाकायला लागली, म्हणून कौस्तुभने तिच्या जागी लिथियमची बसवली. जुनीत पाणी घालायचं काम विनिताचं. ती कशाने कुरकुरते, तिला कळायचं. ही नुसती पांढरी पेटी. ना आवाज, ना वास. आणि फोनवर लिथियम बॅटरीमुळे पेटलेल्या स्कूटरचे व्हिडिओ थांबत नव्हते.

"आई, ही वेगळ्या प्रकारची असते. सेफ आहे," कौस्तुभ म्हणाला होता. सुधाकर तर हसलाच होता. "अगं, बॅटरी आहे, बॉम्ब नव्हे!"

आता सुधाकरचे ओठ काळेनिळे पडत होते. अडीअडचणीचा छोटा सिलिंडर भरायला आचोळ्याला गेलेला. विनिताचा हात बटणापाशी गेला आणि थिजला. पेटी आणि पलंग एकाच खोलीत. पेटली तर यांना उचलून बाहेर कसं काढायचं?

सुधाकरच्या घशातून घरघर आली. तिने डोळे घट्ट मिटले आणि बटण दाबलं.

मशीनने श्वास घेतला. थोड्या वेळाने त्यानेही.

विनिताने स्टूल ओढलं आणि पेटी नि पलंग यांच्या मधोमध, पेटीकडे पाठ करून बसली. काही झालंच तर आधी तिच्या अंगावर यावं.

"अहो, चुकलं माझं," ती रडू लागली. "रोज मीच बंद करून ठेवत होते."

"माहीत आहे. पडल्या पडल्या दिसायचं मला."

"मग बोलला का नाहीत?"

सुधाकरने तिच्या खांद्यावरून त्या पेटीकडे पाहिलं आणि तिचा हात घट्ट धरला.

"तू बटण बंद केलंस की मगच मला झोप लागायची."